जलदिनाच्या हार्दिक शुभेच्छा म्हणे!

२ फेब्रुवारीला पाणथळ जागा, २२ मार्चला पाणी, २२ एप्रिलला वसुंधरा, ५ जूनला पर्यावरण, १७ जूनला वाळवंटीकरण, ५ डिसेंबरला माती. अरे, श्रावणालाही लाजवील एवढे सणवार झाले!

आणि साजरे कसे करायचे? व्यासपीठावर अर्ध्या प्यायलेल्या बाटल्यांची रांग, मागे ‘पाणी वाचवा’चा फ्लेक्स. कार्यक्रम संपला की दोन्ही नाल्यात. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा, कारण गाडी टँकरमागे अडकली. (यातला विनोद फक्त मलाच दिसला बहुतेक.) मग जलपूजन. कलशात पाणी बाटलीतलं, कारण नळाला त्या दिवशी पाणीच नव्हतं!

मृदा दिनाचा तर कहरच. इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, या वाक्यावर ज्यानं सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या, त्याचाच जेसीबी रात्री टेकडीचा मुरूम उपसतो.

जलदिन १९९३ पासून पाळतोय आपण. तेव्हा आमच्या विहिरीत पोरं सूर मारायची. आता तिच्यावर जाळी टाकून दुचाक्या लावतात.

आज सकाळी पुन्हा मेसेज : ‘जागतिक जलदिनाच्या हार्दिक शुभेच्छा’. हार्दिक? टँकर किती वाजता येणार, तेवढं सांगा ना!