शू-रॅकला सँक्शन

चरईतल्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी आहे. म्हणजे एजीएम चालू असताना पाच मिनिटं फोन घ्यायला बाहेर गेलो आणि परत आलो तोवर झालेलो होतो.

तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी पॅसेजमध्ये शू-रॅक ठेवला. अख्ख्या वऱ्हाडाच्या चपला मावतील एवढा! मराठीत नोटीस लावली की आमच्याकडे लोक शुद्धलेखनाच्या चुका काढतात आणि निघून जातात, म्हणून म्हटलं इंग्रजीत लावू, जरा धाक बसेल. टीव्हीवर बातम्या चालू होत्या, रशियावर सँक्शन्स, इराणवर सँक्शन्स. काय वजनदार शब्द! लगेच लिहिलं, 'द कमिटी हॅज सँक्शन्ड युवर शू-रॅक' आणि सेलोटेपने चिकटवून आलो.

संध्याकाळी काका दारात. हातात प्रशांत कॉर्नरचे पेढे.

काकांची सगळी नोकरी सरकारी हापिसात गेलेली. रजा सँक्शन, हाउसिंग लोन सँक्शन, टीए बिल सँक्शन, असल्या माणसाला या शब्दाने धाक कसा बसणार? रविवारी दुसरा रॅक आला आणि त्याच्यावर माझी नोटीस, लॅमिनेट करून.

रात्री डिक्शनरी काढली. हा शब्द लॅटिनमधल्या 'सँकिरे'वरून आलाय, म्हणजे कायदा पवित्र म्हणून पक्का करणे, 'सेंट' हा त्याचाच चुलतभाऊ. आता पक्क्या केलेल्या कायद्याला मान्यता पण आली आणि तो मोडला तर शिक्षा पण आली, दोन्ही एकाच शब्दाच्या गळ्यात. साधारण असं की लोन, रजा, प्लॅन सँक्शन झाला तर मंजूर, आणि अनेकवचनात कुणा'वर' सँक्शन्स लागले तर निर्बंध. क्रियापद मात्र डेंजर, देश किंवा माणूस सँक्शन केला तर बहुतेक शिक्षा, वस्तू केली तर मंजुरी. मी रॅक केला होता. काकांना केलं असतं तर निदान पेढे तरी आले नसते (पेढे चांगले होते, ते सोडा). 1935 मध्ये इटली ॲबिसिनियात, म्हणजे आताच्या इथिओपियात, घुसली तेव्हा राष्ट्रसंघाने तिच्यावर असलेच सँक्शन्स लावले होते आणि तिनेही सैन्य काही मागे घेतलं नाही, तेव्हा काका एकटे नाहीत.

'एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ, काय भाषा आहे का ही!' मी करवादलो.

आई लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, 'तू नारळ वाढवतोस तेव्हा तो मोठा होतो का रे? आणि घरातून निघताना येतो म्हणतोस ते?'

गप्प बसलो. सकाळी साध्या मराठीत नवी नोटीस लावली, 'चपला घरात ठेवाव्यात.' आठवडा गेला, रॅक तिथेच. शेवटी बेल वाजवून विचारलं, काका, रॅक कधी काढताय?

काका शांतपणे म्हणाले, 'परवाच सांगितलं ना तुला, परवा काढतो म्हणून.'