गल्ल्यावर बसून लिहिणाऱ्या बाईकडून

‘स्पष्टवक्ता’ यांस,

कोरोनाच्या काळात दुकानात विनामास्क गिऱ्हाईक सापडलं तर दुकानदाराला दहा हजार दंड, असा सरकारी आदेश होता; त्यावर मी लेख लिहिला. त्याखालची तुमची प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी इथे चिकटवते, म्हणजे मी सोयीचं तेवढंच उचललं असं म्हणायला तुम्हाला जागा राहायला नको.

‘मॅडम, तुमचा “गिऱ्हाइकाचा मास्क, माझे दहा हजार” हा लेख वाचला. सुशिक्षित माणसाकडून ही अपेक्षा नव्हती!!! लोक ऑक्सिजनसाठी वणवण करत होते तेव्हा तुमच्यासारख्या दुकानदारांना दंडाची पडली होती. मास्कने संसर्ग कमी होतो, बांगलादेशचा अभ्यास वाचा. शंभर गिऱ्हाइकांमागे पोलीस लावण्यापेक्षा एका दुकानदाराला जबाबदार धरणं शहाणपणाचंच होतं, दार त्याच्या हातात असतं. आणि असा दंड किती दुकानांना झाला, तुम्हाला तरी झाला का, हे लेखात कुठेच नाही. गल्ल्यावर बसून लिहिणं सोपं असतं.’

त्या तीन उद्गारचिन्हांबद्दल मी काही बोलणार नाही. टीकेचं मला वावडं नाही. त्याच लेखाखाली एका डॉक्टरबाईंनी मला तुमच्यापेक्षा जास्त सुनावलंय, आणि मी त्यांचे आभार मानलेत, जाऊन बघा. पण त्यांनी लेख वाचून सुनावलं. तुम्ही मथळा वाचलात, चिडलात आणि मध्यरात्रीनंतर लिहायला बसलात. (वेळ प्रतिक्रियेवर दिसते, मी शोधायला गेले नव्हते.) आणि ‘तुमच्यासारख्या दुकानदारांना’ म्हणजे कशासारख्या? आपली ओळख नाही. तुम्ही माझ्या दुकानात कधी आला असाल तर तेही मला माहीत नाही, कारण तुम्ही नाव लपवून लिहिता. स्पष्टवक्त्याने निदान नाव तरी स्पष्ट लिहावं.

एक गोष्ट मान्य करते. मथळा भडक होता. ‘माझे दहा हजार’ वाचून कुणालाही वाटेल की माझ्याकडून दहा हजार वसूल झाले. ते झाले नाहीत. एवढा एक मुद्दा तुमचा, घ्या.

आता गल्ला.

गल्ल्यावर बसून लिहिणं सोपं असतं म्हणता, तर मी त्या काळात गल्ल्यावर बसले होते की नाही, इथूनच सुरू करू. आमचं दुकान कटलरी आणि स्टेशनरीचं. बांगड्या, टिकल्या, रिबिनी एका बाजूला, वह्या-पेनं, आलेखाचे कागद, चिकटपट्ट्या दुसऱ्या बाजूला. कृष्णाकाठचं तालुक्याचं गाव, बाजारपेठेत सासऱ्यांनी उभं केलेलं दुकान. एप्रिल २०२१ मध्ये संसर्गाची साखळी तोडायला म्हणून ‘ब्रेक द चेन’ नावाचा निर्बंधांचा आदेश आला आणि आमचं दुकान ‘अत्यावश्यक’मध्ये नाही म्हणून शटर खाली. चार दुकानं सोडून किराणावाला होता, तो अत्यावश्यक. त्याच्याकडे तांदळाच्या पोत्याशेजारी दोनशे पानी वह्या आणि पेनांचे बॉक्स आले. त्याचा मला आता राग नाही, मीही तेच केलं असतं. पुढे त्यालाही सकाळी ७ ते ११ एवढीच वेळ राहिली आणि त्या चार तासांत त्याच्या पायरीवर जी झुंबड उडायची ती पाहून माझा राग कुठल्या कुठे गेला. दिवसभराची गर्दी चार तासांत कोंबायची आणि अंतर ठेवा म्हणायचं, हा हिशेब कुणी मांडला होता देव जाणे.

जूनमध्ये निर्बंधांचे पाच स्तर आले. आमच्या वाट्याला दुपारी ४ पर्यंत, शनिवार-रविवार बंद. वहीचं गिऱ्हाईक कामावरून सुटून संध्याकाळी येतं, हे आदेश काढणाऱ्याला ठाऊक नसणार. जुलैच्या शेवटी कृष्णेला पूर आला. दुकानात पाणी शिरलेल्या माणसाला त्याच्या मालाचं काय होतं हे सांगावं लागत नाही. ज्यांच्या शिरलं नाही त्यांच्यासाठी सांगते, कागद भिजला की रद्दीवालासुद्धा हात लावत नाही. गाळ काढून, फळ्या वाळवून आम्ही उभे राहतोय तोच २ ऑगस्टचा आदेश आला. राज्यात बहुतेक ठिकाणी रात्री ८ पर्यंत दुकानं उघडी, आणि आमच्यासह ११ जिल्हे जिथल्या तिथे, दुपारी ४. पुण्यातले व्यापारीही त्याच यादीत होते, त्यांनी ओरडा केला तेव्हा निदान वर्तमानपत्रांत बातमी तरी आली. आमच्या पेठेची बातमी कोण करणार?

म्हणजे ज्या गल्ल्यावर मी निवांत बसून होते असं तुम्हाला वाटतं, तो त्या वर्षात कितीतरी दिवस शटरच्या आत होता.

उघडा होता तेव्हाचंही सांगते. ‘मास्क नाही तर वस्तू नाही’ ही पाटी आम्ही सरकारने सांगायच्या आधी लावली होती. पायरीखाली चुन्याचे गोल आखले, समोर आडवं बाक टाकलं, दोरी बांधली. सॅनिटायझरची पायाने दाबायची स्टँड आणली, तिचा पेडल महिन्याभरात मोडला. तीन पदरी मास्कचा खोका गल्ल्याशेजारी ठेवला, कुणी नसेल आणलं तर देऊन टाकायचा. सरकारनेच ऑक्टोबर २०२० मध्ये त्या मास्कची किंमत ३-४ रुपयांवर बांधली होती, त्यात आमचं काही बुडत नव्हतं. बुडत होतं ते वेगळंच.

आमच्या सासऱ्यांच्या वयाचे एक गृहस्थ आले, उपरण्याचं टोक तोंडावर धरून. मी म्हटलं, ‘मामा, मास्क घाला की, हा घ्या.’ ते म्हणाले, ‘तुझ्या लग्नात पंगतीला वाढलंय मी, मला शिकवतीस व्हय?’ आणि वही न घेता गेले. त्यांची नातवंडं आजवर वह्या आमच्याकडून घ्यायची. त्यानंतर एकही घेतली नाही. दुसऱ्या एका घरातली माणसं बाहेर गाडीपाशी थांबायची. नवरा मास्क लावून आत येई, रंग विचारून बाहेर जाई, तोच मास्क बायकोच्या तोंडावर, आणि मग ती बांगड्या बघायला आत. मी काय करायला हवं होतं? थांबवलं तर ‘आमच्याकडे मास्क आहे की’, आणि खरंच होता.

आमच्याकडे कामाला एक मुलगी होती, कॉलेजात शिकणारी. गर्दीच्या वेळी ‘मास्क वर घ्या’ हे सांगायचं काम तिच्याकडे आलं, कारण मी हिशेबात असे. एका संध्याकाळी पेठेतल्याच एका बड्या माणसाने तिला सगळ्यांसमोर विचारलं, ‘तू कोण गं मला सांगणारी?’ प्रश्न बरोबर होता. ती कोण होती? ना पोलीस, ना पालिकेची, ना शिक्षिका. महिन्याच्या पगारावर टिकल्यांची पाकिटं लावणारी पोर. ज्याच्या पैशावर आमची चूल पेटते त्याच्याच तोंडाकडे बोट दाखवायचं काम सरकारने तिच्या गळ्यात बांधलं आणि चुकलीस तर दंड तुझ्या मालकिणीला, असं वर सांगितलं. ती पुढे कामावर आली नाही. तिने कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

हे तुम्हाला सोपं वाटत असेल तर कळवा, पेठेत अजूनही माणसं कामाला हवी असतात.

तो दहा हजारांचा आदेश २७ नोव्हेंबर २०२१ चा. लेखात मी त्याचा सारांश दिला होता, तुम्ही तो ओलांडून गेलात म्हणून परत. मास्क नसलेल्या माणसाला ५०० रुपये. तो माणूस एखाद्या आस्थापनेच्या आवारात सापडला तर त्याच्या ५०० शिवाय आस्थापनेला १०,०००. आस्थापनेने स्वतःच नियम मोडला तर ५०,०००. रुमाल हा मास्क धरला जाणार नाही, रुमाल बांधलेलाही दंडाला पात्र. आणि दुकानात काम करणारे तर सोडाच, येणारं गिऱ्हाईकसुद्धा लसीचे दोन्ही डोस घेतलेलं असलं पाहिजे. म्हणजे खोडरबर मागायला आलेल्या माणसाला मी आधी प्रमाणपत्र विचारायचं, मग तोंडावर आहे तो रुमाल की मास्क हे ठरवायचं, आणि मग खोडरबर द्यायचं. मॉलच्या दारावर हे करायला वर्दीतला माणूस असतो. ‘दार त्याच्या हातात असतं’ म्हणता, पण साहेब, आमच्या दुकानाला दारच नाही. शटर वर गेलं की रस्ता आणि मी यांच्यामध्ये एक फळी. माणूस रस्त्यावर उभा राहून वस्तू मागतो. तो माझ्या आवारात आहे की पालिकेच्या, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

दंड झाला का, विचारलंत. डिसेंबरात मास्क तपासणारं पथक आलं. समोर शाळेतलं एक पोरगं, मास्क खिशात, हातात प्रयोगवही. ‘मॅडम, दहा हजार होतात,’ अशी सुरुवात झाली. बरीच चर्चा झाली आणि बऱ्याच कमी पैशांवर मिटलं. पावती मिळाली, हे आमचं नशीब. पथकातल्या एकाचा मास्क त्या वेळी कुठे होता ते लिहीत नाही, तुम्ही मला सवंग म्हणाल. दहा हजार प्रत्यक्ष घ्यावेच लागत नाहीत हो; आकडा नुसता हवेत ठेवला की पुढचं आपोआप होतं. राज्यात किती दुकानांना झाला याचे आकडे मागताय, तर ते पालिकांकडे मागा. मी दुकान चालवते, माहिती अधिकाराचं कार्यालय नाही.

बांगलादेशचा अभ्यास वाचा म्हणालात. वाचला होता, आणि तुम्ही त्याचं नाव घेतल्यावर परत वाचला. सुमारे ६०० खेडी, तीन लाखांहून जास्त प्रौढ माणसं. ज्या गावांत मास्कची मोहीम झाली तिथे मास्क लावणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ४२ टक्क्यांवर गेलं, बाकीच्या गावांत ते १३ टक्क्यांच्या आसपास होतं. लक्षणं असलेला संसर्ग सर्जिकल मास्कवाल्या गावांत ११ टक्क्यांच्या आसपास कमी दिसला, कापडी मास्कबद्दल तितकं ठामपणे म्हणता आलं नाही. ठीक. मास्कचा उपयोग होतो. मी नाही म्हटलं कुठे? लेखातलं एक वाक्य दाखवा. पण लोकांनी मास्क लावावा म्हणून तिथे काय केलं, तेही त्याच अभ्यासात आहे. फुकट वाटले. घरोघर समजावलं. गावातल्या वजनदार माणसांनी आणि इमामांनी स्वतः घालून दाखवले. बाजारात विनामास्क दिसलेल्याला थांबवून हातात मास्क दिला. दंड नव्हता. चहाच्या टपरीवाल्याला कुणी म्हटलं नाही की तुझ्या बाकड्यावर उघड्या तोंडाचा माणूस दिसला तर तुझा महिना गेला. तुम्ही माझ्या विरोधात आणलेला साक्षीदार माझ्याच बाजूने बोलतो, त्याला मी काय करू.

शंभर गिऱ्हाइकांमागे पोलीस लावण्यापेक्षा एका दुकानदाराला धरणं सोपं, हा तुमचा मुद्दा. त्यावर बोलायचं तर वेगळा लेख लिहावा लागेल, आणि आज तेवढा वेळ नाही. सोपं होतं यात शंका नाही.

ऑक्सिजनचं वाक्य उरलं. त्या एप्रिल-मे महिन्यात आमच्या घरात काय चाललं होतं, सिलिंडरसाठी कोण कुठे उभं होतं, हे मी त्या लेखात लिहिलं नव्हतं आणि इथेही लिहिणार नाही. नियमांविरुद्ध तक्रार करायला आधी घरातला आजार पुरावा म्हणून मांडावा लागतो अशी तुमची समजूत दिसते. माझी नाही. दंडाचा आदेश नोव्हेंबरचा, ऑक्सिजनची वणवण एप्रिल-मेची. दोन्ही एका वाक्यात घालून मला माणुसकी नसल्याचं ठरवताना तुम्ही निदान दिनदर्शिका तरी उघडायची होती.

लेख मागे घेणार नाही. मथळा बदलून ‘गिऱ्हाइकाचा मास्क, दुकानदाराचे दहा हजार’ केलाय, कारण तेवढं तुमचं बरोबर होतं. तुमची प्रतिक्रियाही काढलेली नाही, उद्गारचिन्हांसकट आहे तिथेच आहे. यावर उत्तर लिहायचं असेल तर जरूर लिहा, खऱ्या नावाने लिहिलंत तर आधी वाचेन. ‘तुमच्यासारखे’ हा शब्द पुन्हा आला तर मात्र वाचणार नाही, उडवेन.