बोट गळकी नाही! (दोन तारे देणाऱ्या ताईंना उत्तर)

नमस्कार ताई,

आमच्या शिडाच्या बोटीवरच्या सहलीचा रिव्ह्यू तुम्ही मराठीत लिहिलात, म्हणून मीही मराठीतच लिहितो.

आधी माफी. तुमच्या मुलीवर मी ओरडलो, ते चुकलं. आठ-नऊ वर्षांची पोर, पाहुणी म्हणून आलेली, तिच्यावर आवाज चढवायला नको होता. जेवायला उशीर झाला, पनीर कच्चट राहिलं, मक्याची कणसं तर तुम्ही तशीच परत नेलीत. त्याबद्दलही मनापासून दिलगीर आहे.

पण "बोट गळकी आहे, कॅप्टन अर्धा तास हातपंप मारून पाणी उपसत होता आणि आम्ही जीव मुठीत धरून बसलो होतो" असं जे तुम्ही लिहिलंय, त्यावर गप्प बसणं मला परवडणार नाही. शनिवारी रात्री तुमचा रिव्ह्यू आला. रविवारी तो मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला आणि सोमवारी सकाळी दोन बुकिंग रद्द झाली. आम्ही दोघं नवरा-बायको हा धंदा चालवतो, तोही मे ते ऑक्टोबर. बाकीचे महिने इथे अमेरिकेत, अ‍ॅनापोलिसमध्ये, थंडीत कोण शिडाच्या बोटीवर बसायला येणार? चार तारे, तीन तारे सोसतात. बोटीच्या धंद्यात "गळकी" हा शब्द सोसत नाही.

तर ऐका. त्या दिवशी बोटीत पाणी आलेलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, इंजिन चालू असताना शाफ्टच्या, म्हणजे पाण्यातला पंखा फिरवणाऱ्या दांड्याच्या, पॅकिंगमधून मिनिटाला दोन-तीन थेंब पडतात. ते पडायलाच हवेत, नाहीतर पॅकिंग तापतं. तेवढं सोडलं तर बिल्ज, म्हणजे बोटीचा अगदी तळचा खळगा, कोरडा होता. मी उपसत होतो तो गॅस.

गॅस कुठून आला, ते रिव्ह्यूमध्ये नाही. तुमच्याबरोबरच्या ज्या काकांनी मला बार्बेक्यू कसा करतात ते दोन वेळा समजावलं, त्यांना विचारलंत तर ते सांगतील. मी नाव घेत नाही.

आमचं ग्रिल मागच्या रेलिंगवर, बोटीच्या बाहेरच्या अंगाला बसवलेलं आहे. त्याला एक पौंडाचा छोटा हिरवा सिलिंडर लागतो. त्यात साधारण 465 ग्रॅम प्रोपेन असतो. जास्तीचे सिलिंडर आणि अर्धवट वापरलेले सिलिंडर मी त्याच रेलिंगला बाहेर लटकवलेल्या कॅनव्हासच्या पिशवीत ठेवतो. "सिलिंडर पिशवीत घालून बाहेर लोंबकळत ठेवलेत, हीच का यांची सेफ्टी?" असं तुम्ही विचारलंय. हो ताई, हीच. या छोट्या सिलिंडरला आपल्या घरच्यासारखी फिरवायची चावी नसते. आत स्प्रिंगचा एवढासा व्हॉल्व्ह असतो. ग्रिलवरून सिलिंडर काढला की तो आपोआप बंद व्हायला हवा, पण एकदा वापरलेल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह नीट बसेलच असं नाही. मी प्रत्येक वेळी साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघतो आणि वर पितळी टोपी घट्ट बसवतो. तरीही गळलाच तर पिशवीतून गॅस सरळ समुद्रावर उतरतो आणि वाऱ्याबरोबर जातो. कोणाचं काही बिघडत नाही.

काकांना वाटलं, सिलिंडर उन्हात तापतोय. ही काळजी चुकीची नव्हती, सिलिंडरवरच लिहिलेलं असतं की 120 अंश फॅरनहाइटच्या वर तापू देऊ नका. पिशवी फिक्या रंगाची आणि जाड आहे ती त्यासाठीच. पण मी नांगर बघायला पुढे नाळेवर गेलो, तेवढ्यात त्यांनी अर्धा वापरलेला सिलिंडर पिशवीतून काढला, पितळी टोपी "कशाला हवी" म्हणून बाजूला ठेवली आणि तो खाली केबिनमध्ये तुमच्या कूलरच्या पिशवीत, कोल्ड्रिंकच्या बाटल्यांशेजारी नेऊन ठेवला. गार जागा म्हणून. मला विचारलं असतं तर मी हात जोडून नको म्हटलं असतं.

प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो. मी मालवणचा. आमच्या घरी वास आला की आई पहिल्यांदा मागचं दार उघडायची आणि ओरडायची, "बटणाक हात लावू नको!" गॅस जमिनीवरून सरपटत उंबऱ्याबाहेर जायचा. बोटीला खाली दार नसतं. बोट म्हणजे एक मोठं घमेलं. त्यात जड गॅस पाण्यासारखा उतरतो, फळ्यांच्या फटींतून बिल्जमध्ये जातो आणि तिथेच बसून राहतो. वरून कितीही वारा वाहू दे, त्याला काही होत नाही. एक पौंडाच्या भरलेल्या सिलिंडरचा पूर्ण गॅस झाला तर जवळपास अडीचशे लिटर होतो. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास प्रोपेन मिसळला की ठिणगी पुरते.

चार वाजून पन्नास मिनिटांनी खाली अलार्म वाजला. तुम्ही त्याला "कसलीतरी पीप-पीप" म्हटलंय. ते बिल्जजवळ बसवलेलं गॅस ओळखणारं यंत्र आहे. धोक्याची पातळी यायच्या बऱ्याच आधी ते वाजतं, म्हणून तर आपण सगळे घरी गेलो. त्याच क्षणी तुमची मुलगी केबिनच्या पायरीवर उभी होती आणि तिचा हात पंख्याच्या बटणावर होता. मी ओरडलो तो तेव्हा. शब्द होते, "हात काढ! कशालाच हात लावू नकोस!" आवाज मोठा होता, मान्य. पण बटण दाबताना आत बारीकशी ठिणगी उडते, आणि हे समजावून सांगायला माझ्याकडे अर्धा सेकंद होता.

मग मी ग्रिल विझवलं, तुम्हा सगळ्यांना पुढे डेकवर बसवलं, केबिनच्या सगळ्या झडपा उघडल्या, तो सिलिंडर वर आणून बाहेर लटकवला आणि हातपंपाला बसलो. हातपंप पाणी ओढतो तसाच तळातला गॅसही ओढून बाहेर टाकतो. जुने दर्यावर्दी बादलीनेसुद्धा गॅस उपसतात, बादलीत काही दिसत नसलं तरी. आता तुम्हीच विचार करा: बोटीला इलेक्ट्रिक पंप आहे. पाणी शिरलं असतं तर मी त्याचं बटण दाबून चहा पीत बसलो असतो. चाळीस मिनिटं दांडा हलवून खांदा कशाला भरवून घेतला असता? त्या पंपातून बाहेर पाणी पडताना तुमच्यापैकी कोणी पाहिलं का? तुमच्याच व्हिडिओत पाइपाचं तोंड दिसतंय. कोरडं आहे.

अलार्म थांबल्यावरही मी दहा मिनिटं थांबलो. एकूण पन्नास मिनिटं. "दीड तास उपाशी ठेवलं" हे बरोबर नाही, लॉगबुकमध्ये वेळा लिहिलेल्या आहेत. आणि त्याआधीचा उशीर म्हणाल, तर बुकिंग दोनचं होतं, तुम्ही दोन पस्तीसला आलात. मी तेव्हा काही बोललो नाही, आत्ताही बोलणार नव्हतो.

"चालत्या बोटीवर ग्रिल लावायला काय हरकत होती?" हाही प्रश्न आहे. बोट कलते, ताई. कललेल्या बोटीवर तापलेली जाळी आणि वितळलेलं बटर कोणाच्या मांडीवर येईल सांगता येत नाही. व्हाइटहॉल बेमध्ये नांगर टाकल्यावर बोट वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते, मग मागच्या ग्रिलचा धूर आणि आच बाहेर जाते, शिडांकडे आणि माणसांकडे येत नाही. धक्क्याला बांधलेल्या बोटीवर आमच्या मरिनात ग्रिलला बंदीच आहे. तुम्ही आणलेली कोळशाची थैली मी गाडीत परत ठेवायला लावली तीही याचसाठी. कोळशाची एक ठिणगी शिडावर पडली की भोक, आणि जळता कोळसा पाण्यात टाकून मी काही खाडी घाण करणार नाही. दीपगृह बघायचं राहिलं ते मात्र खरंच राहिलं. थॉमस पॉइंटचं 1875 सालचं ते षट्कोनी घर बघायला लोक लांबून येतात, पण ते दक्षिणेला, पन्नास मिनिटं गेलेली आणि पश्चिमेला ढग काळे झालेले. मुलांना घेऊन मी त्या ढगाखाली गेलो नाही.

शेवटी ग्रिल गरम असतानाच मी पिशवीत भरू दिलं नाही, यावर काका रागावले असं कळलं. गरम ग्रिल पिशवीत घातलं तर पिशवी जळते. आणि सिलिंडर बाकाखालच्या कप्प्यात "तात्पुरता" ठेवू दिला नाही, कारण तो कप्पा वरून वेगळा दिसत असला तरी खालून बिल्जलाच जोडलेला आहे. एका दिवसात दोनदा तेच नको होतं.

बायकोचं म्हणणं आहे की मी तेव्हाच सगळ्यांना नीट समजावून सांगायला हवं होतं. पंप मारणारा माणूस तोंड मिटून घाम गाळत असेल तर समोरच्याला बोट बुडतेय असंच वाटणार. तिचं बरोबर असेल. निघण्याआधीच्या सूचनांमध्ये आम्ही यापुढे गॅसबद्दल जरा जास्त बोलू, पिशवीवर मराठीत काहीतरी लिहू, खाण्याचंही बघतो काय करता येईल ते. खाण्यासाठी घेतलेले पैसे मी परत पाठवले आहेत, बँकेत दिसायला दोन-तीन दिवस लागतात.

एवढीच विनंती की "गळकी" हा शब्द काढा. तारे दोनच राहू देत, तक्रार नाही. मन मानत नसेल तर कुठल्याही सकाळी बॅक क्रीकला आमच्या बोटीवर या, मी फळी उचलून देतो, टॉर्च देतो, स्वतः हात घालून बघा. काकांनाही आणा. त्यांनी काढून ठेवलेली पितळी टोपी मला अजून सापडलेली नाही, कुठे ठेवली ते तेवढं विचारा.

आपला,
बोटीचा मालक आणि कॅप्टन