मीटर म्हणतो २८०, म्हणून पाणी चांगलं?

ऊन तापायला लागलं की आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचा मजकूर असा: 'नाग नदी कितीही सडलेली असो, बोअरिंगच्या पाण्याला भिऊ नका. ते खडकातून गाळून येतं. पाणी नितळ आणि टीडीएस ५००च्या आत असेल तर बिनधास्त प्या. शंका आली तर उकळा.' (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये.)

आधी खडकाचं पाहू. पाणी गाळतात ती माती आणि वाळू. नागपूरच्या पश्चिमेला काळा बेसाल्ट आहे, पूर्वेला त्याहून जुना नाइस नावाचा कठीण खडक. अशा कातळात पाणी वरच्या मुरमात आणि भेगांमध्ये असतं. गडर लाइन फुटली किंवा शोषखड्डा बोअरिंगला खेटून असला, तर मैलपाणी त्याच भेगांनी खाली उतरतं. शिवाय मैल्यातून तयार होणारं नायट्रेट पाण्यात विरघळतं, ते वाळूतही अडत नाही.

नदीची घाण नदीतच राहते, हेही या मेसेजनं गृहीत धरलंय. नदी आणि भूजल यांत ज्याची पातळी वर, ते दुसऱ्याला पाणी देतं. पावसाळ्यानंतर भूजल नदीत झिरपतं. उन्हाळ्यात उपसा करून पातळी नदीच्या तळाखाली गेली की हाच प्रवास उलटा होतो, आणि तेव्हा नाग नदीत वाहतं ते बहुतेक सांडपाणीच. पुढे ते कन्हानमध्ये, तिथून वैनगंगेत आणि गोसीखुर्दच्या जलाशयात जातं. म्हणून खोऱ्याचं पाणी तपासताना नदी आणि तिच्या काठच्या विहिरी, दोन्हींचे नमुने घ्यावे लागतात.

आता तो लाडका टीडीएस मीटर. शेजारचे काका एकदा मग्यात मीटर बुडवून म्हणाले, "पाहा, २८०! आता काहून तपासायचं?" मी आरओच्या पाण्याचा ग्लास घेतला, त्यात दोन चमचे साखर विरघळवली आणि म्हटलं, आता मोजा. आकडा काही वाढला नाही. काकांनी घोट घेतला, पाणी सरबतासारखं गोड! हा मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज बांधतो. साखर वीज वाहून नेत नाही, म्हणून ती त्याला दिसत नाही. जंतूही दिसत नाहीत. नायट्रेट मोजलं जातं, पण एकूण बेरजेत. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. काकांच्या २८०मध्ये ते १० आहे की ८०, हे मीटर सांगूच शकत नाही. उलट दुसरा स्रोत नसेल तर भारतीय मानकात टीडीएस २०००पर्यंत चालतो, म्हणजे ६०० दिसले म्हणून घाबरायचंही कारण नाही.

नितळपणाबद्दल काय बोलायचं? ई-कोलाय हा मैल्यातला जंतू डोळ्यांना दिसत नाही. १०० मिलिलिटर पाण्यात तो एकही नको, असं मानक सांगतं.

उकळल्यानं जंतू मरतात, तेवढं मेसेजवाल्याचं खरं. नायट्रेट आणि फ्लोराइड मात्र तसंच राहतं. पाणी आटतं, त्यामुळे त्याचं प्रमाण थोडं वाढतंच. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची वरच्या दुधाची पावडर अशा नायट्रेटच्या पाण्यात कालवली, तर त्याच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटते.

तपासायचं तर एकदा मे महिन्यात आणि एकदा दिवाळीनंतर तपासा. आधी पंप दहा मिनिटं चालू ठेवा. जंतूंसाठी प्रयोगशाळेनं दिलेली निर्जंतुक बाटलीच वापरा, ती विसळू नका, आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. काकांनी परवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत नमुना भरून आणला होता. तो आम्ही तुळशीला घातला.