‘माफ केलं म्हणून सुटले’: एका फॉरवर्डला उत्तर

एप्रिल २०२५ मध्ये स्टेन्स हत्याकांडातला जन्मठेपेचा कैदी महेंद्र हेम्ब्रम ओडिशातल्या क्योंझरच्या तुरुंगातून सुटला, आणि आमच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड येऊन पडला. मजकूर असा: ग्लॅडिस स्टेन्सनं नवऱ्याच्या आणि मुलांच्या मारेकऱ्यांना माफ केलं, म्हणून त्यांची फाशी टळली. बाई स्वतः मात्र लगेच ऑस्ट्रेलियाला निघून गेली. क्षमा हे दुबळ्यांचं सोंग आहे. आणि एवढं करून शांतता आली का? खाली तीन हात जोडलेले.

आधी घडलं काय ते. ग्लॅडिस यांचे पती ग्रॅहम स्टेन्स हे ऑस्ट्रेलियन ख्रिस्ती मिशनरी. ते १९६५ मध्ये भारतात आले आणि ओडिशातल्या बारीपद्याच्या कुष्ठधामात राहिले. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री मनोहरपूर गावात ते दहा वर्षांच्या फिलिप आणि सहा वर्षांच्या टिमथी या मुलांसह गाडीतच झोपले होते. दारा सिंगच्या जमावानं गाडीखाली पेंढा टाकून पेटवला आणि तिघांना बाहेर पडू दिलं नाही. त्यानंतर ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना माफ केल्याचं जाहीर सांगितलं.

आता फाशीचं. माफी १९९९ ची. खुर्द्याच्या सत्र न्यायालयानं दाराला फाशी आणि इतर बाराजणांना जन्मठेप सुनावली ती सप्टेंबर २००३ मध्ये. माफीनं फाशी टळत असती तर चार वर्षांनी ती सुनावली कशी? २००५ मध्ये उच्च न्यायालयानं दाराची शिक्षा जन्मठेपेवर आणली, कारण एकट्या त्याच्याच कृत्यानं तिघांचा जीव गेला असा पुरावा न्यायालयाला दिसला नाही. अकराजण सुटले तेही पुराव्याअभावी. सीबीआय फाशी मागत वर गेली, पण २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जन्मठेपच कायम ठेवली. हेम्ब्रम सुटला तो पंचवीस वर्षं आत काढून, तुरुंगातल्या चांगल्या वागणुकीवर. आपल्याकडे खून म्हणजे काही बांधाचा तंटा नव्हे, की चार शहाणे बसले आणि मिटवला. खटला सरकार चालवतं. २००३ च्या निकालानंतर ग्लॅडिस यांनी स्वतःच बजावलं होतं की क्षमा आणि गुन्ह्याचे परिणाम यांची गल्लत करू नका. फॉरवर्डनं नेमकी तीच केलीय.

‘लगेच’ गेल्या? त्या २००४ पर्यंत बारीपद्यातच होत्या, कुष्ठधाम सांभाळत. ग्रॅहम यांच्या नावाचं रुग्णालय उभं राहिलं, मग त्या ऑस्ट्रेलियात मुलीकडे गेल्या. २००५ मध्ये पद्मश्री मिळाली. पाच वर्षांना ‘लगेच’ म्हणणाऱ्यानं कुष्ठरोग्याच्या पायाचं ड्रेसिंग एकदा जवळून बघावं. मी आनंदवनात पाहिलंय. जखमेला चिकटलेली पट्टी पाण्यानं भिजवत, हळूहळू सोडवावी लागते. पेशंट मजेत गप्पा मारत असतो, कारण त्याला दुखतच नाही. दुखत नाही म्हणून तो त्याच पायावर चालत राहतो आणि जखम खोल जाते.

यावर एकानं लगेच टाकलं, ‘ते धर्मांतर करायचे, ते का नाही सांगत?’ सांगतो. या हत्याकांडाची चौकशी करणाऱ्या वाधवा आयोगानं नोंदवलंय की ग्रॅहम यांच्या धर्मप्रचारातून काही धर्मांतरं झाली. लपवण्यासारखं त्यात काही नाही. पण ओडिशात धर्मांतराविषयीचा कायदा १९६७ पासून आहे. तक्रार असेल तर ती दिवसाढवळ्या पोलीस ठाण्यात देता येते. पेंढा लागत नाही.

दुबळेपणाचं म्हणाल, तर नाथांची गोष्ट आपल्याला पाठ आहे. गोदावरीवरून स्नान करून येताना यवन अंगावर थुंकतो, नाथ पुन्हा नदीवर जातात, असं एकशेआठ वेळा. कीर्तनकार इथं नाथांची शांती वाखाणतात. मला त्यांचा हट्ट दिसतो. नाथांनी ना स्नान सोडलं, ना वाट बदलली. दमला तो थुंकणारा. बारीपद्यातली ती पाच वर्षं मला त्याच जातकुळीची वाटतात.

शांतता आली का? नाही आली. इथं फॉरवर्डवाल्याला पैकीच्या पैकी मार्क. ऑगस्ट २००८ मध्ये ओडिशातल्याच कंधमालमध्ये विश्व हिंदू परिषदेचे स्वामी लक्ष्मणानंद सरस्वती यांचा खून झाला, मग ख्रिस्ती वस्त्या पेटल्या आणि हजारो माणसं छावण्यांत गेली. पण एका बाईच्या माफीनं अख्खं राज्य शांत व्हावं, ही अपेक्षा तरी कुठली? ते काम वेगळं आहे आणि बरंच कंटाळवाणं आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेल्या भिवंडीत सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्यानं १९८८ पासून मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. गल्लीतले हिंदू, गल्लीतले मुसलमान आणि पोलीस एकत्र बसू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत सुमारे नऊशे माणसं मेली, तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. चौऱ्याऐंशीत घर जळालेलेही त्या बैठकांना बसले असणारच. त्यांनी मनातून माफ केलं होतं का, हे विचारायला कुणी बसलं नव्हतं. पुढची मिरवणूक कुठल्या वाटेनं न्यायची, ते ठरवायचं होतं.