रकाना नसलेलं काम

बालवर्गात लिहायला काही कमी नसतं. हजेरी, वजन-उंची, कोण पडलं, कुणाला खरचटलं, कात्री कुणाला धरता येते. सगळं मुलाबद्दल. ताईने त्या दिवशी काय केलं, का केलं, तिला काय वाटलं, याला रकानाच नाही.

आमच्याकडे एक तीन वर्षांचा मुलगा होता. तीन आठवडे पाठीवरचं दप्तर काढेना. आत काय, तर आईचा रुमाल. माझी सहकारी त्याला दप्तरासकट मांडीवर घ्यायची, दप्तरासकट घसरगुंडीवर सोडायची. ‘काढ’ असं एकदाही म्हणाली नाही. चौथ्या आठवड्यात ठोकळ्यांचा पूल रचताना पट्टे मध्ये यायला लागले, तेव्हा त्यानेच दप्तर उतरवलं आणि ‘धर’ म्हणून तिच्या हातात दिलं. नोंदवहीत तिने काय लिहिलं? ‘मूल रुळले.’

म्हणून मी सहकाऱ्यांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करायला लागले. पहिल्यांदा समोरासमोर खुर्च्या टाकून बसलो, तर हीच बाई ‘बालकाचा सर्वांगीण विकास’ वगैरे सुरू झाली. (हसू नका, माझंही तसंच होतं.) मग मुलं गेल्यावर, सतरंज्या गुंडाळता गुंडाळता विचारलं. रेकॉर्डिंगमध्ये बादलीचाच आवाज जास्त आहे, पण मध्येच ती म्हणते, “रोज रडायचा ना, तेव्हा मला त्याचा राग यायचा. मग राग आला म्हणून स्वतःचा.”

नोंदी ठेवणं आपल्या क्षेत्राला नवं नाही. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या मॉल्टिंग हाउस शाळेत मानसशास्त्रज्ञ सुझन आयझॅक्स यांनी १९२४ ते १९२७ या काळात मुलांचं बोलणं-वागणं बारकाईने टिपून ठेवलं. इटलीतल्या रेज्जिओ एमिलियाच्या बालशाळांत मुलांचे संवाद आणि फोटो समोर ठेवून शिक्षक एकत्र बसतात. मला मात्र शिकागोच्या बालवर्ग शिक्षिका व्हिव्हियन पेली जवळच्या वाटतात. त्या वर्गात टेपरेकॉर्डर लावून ठेवायच्या आणि नंतर ऐकताना मुलांबरोबर स्वतःलाही पकडायच्या. आपण कुठे घाई केली, कुठे ऐकलंच नाही, ते.

फक्त एक गोष्ट मी हट्टाने धरून आहे. हे रेकॉर्डिंग वरिष्ठांकडे मूल्यमापनासाठी जाता कामा नये. एकदा का ते गेलं की सगळ्या पुन्हा ‘सर्वांगीण विकास’ बोलायला लागतील. जिचं बोलणं, तिने आधी ऐकावं, नको ते काढावं. मुलाचं नाव तर कुठेच नको. आणि हे काम कामाच्या वेळेतच व्हावं. घरी जाऊन लिहा म्हणणाऱ्यांनी आधी वीस मुलांमागे एक दिवस काढून बघावा. एका ताईकडे किती मुलं द्यायची, हे ठरवतानाही आम्हाला कुणी विचारत नाही, हा राग वेगळाच.

तिला विचारूनच हे लिहितेय. तिने सगळं ऐकलं आणि एकच तुकडा काढायला सांगितला. मला वाटलं, रागाचा असेल. तर म्हणाली, “ते सुरुवातीचं खुर्चीवरचं काढ गं, ते मी बोलतच नाही.”