‘आशीर्वाद दिसतो तिथेच आत्मा’ : फिरत्या संदेशाला मुद्द्यांनी उत्तर

नवापूर-चिंचपाड्यापासून भुसावळच्या रेल्वे वसाहतीपर्यंत, खान्देशातल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश पुन्हा पुन्हा येतो. थोडक्यात तो असा: ‘खरी आध्यात्मिकता ओळखणं सोपं आहे. जो दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) देतो त्याला दहापट मिळतं. जिथे आजार बरे होतात, अश्रू वाहतात, तिथे (पवित्र) आत्मा आहे. अभिषिक्ताकडे (देवाने नेमलेल्या पाळकाकडे) हिशोब मागू नका. हेतू फक्त देव जाणतो, न्याय करू नका. आणि ज्याच्या मनात स्वार्थ येतो, तो अजून तारलाच गेलेला नाही.’

प्रत्येक वाक्याला बायबलमधलं एखादं वचन चिकटवलेलं असतं, म्हणून वाचणारा बिनधास्त पुढे पाठवतो. ही वचनं त्यांच्या अध्यायात परत ठेवून वाचली की बहुतेक वेळा उलटंच सांगतात.

१. ‘दशमांश द्या, दहापट मिळेल, मिळालं नाही तर देण्यात खोट’

आधार दिला जातो मलाखी ३:१० चा. ‘दहापट’ हा शब्द तिथे नाही. भांडारात दशमांश आणायचा तो मंदिरात अन्न असावं म्हणून. म्हणजे विषय धान्याचा आणि ते खाणाऱ्यांचा आहे. ते खाणारे कोण, हे गणना १८ मध्ये आहे: लेवी, म्हणजे मंदिराची सेवा करणारा वंश, ज्यांच्या वाट्याला जमीन आली नव्हती. त्यांनाही मिळालेल्या दशमांशातून दशमांश काढून द्यावा लागे (१८:२६). ‘अनुवाद’ या पुस्तकाचा १४ वा अध्याय तर आणखी पुढे जातो. दशमांश घरच्यांनी देवासमोर बसून आनंदाने खायचा, आणि दर तिसऱ्या वर्षी तो गावच्या वेशीत ठेवायचा, लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी. दशमांशावर तासभर बोलणाऱ्या किती जणांनी हा तिसऱ्या वर्षाचा भाग कधी वाचून दाखवला आहे?

दुसरं आवडतं वचन लूक ६:३८, ‘द्या म्हणजे तुम्हांला दिले जाईल’. त्याच्या आदल्याच ओळीत क्षमेचा विषय आहे, आणि ६:३५ मध्ये परतफेडीची आशा न धरता उसनं द्या असं स्पष्ट म्हटलं आहे. परतफेड मोजायला लावणारा संदेश याच अध्यायातून वचन उचलतो, ही कमालच.

आता हे शेतात कसं उतरतं ते पाहा. समजा, कापूस दहा क्विंटल झाला आणि भाव सात हजार धरला. विक्री ७०,०००. बियाणं, खत, फवारणी आणि वेचणीची मजुरी मिळून ४५,००० गेले, हाती २५,००० राहिले. दशमांश विक्रीवर काढला तर ७,०००, हाती राहिलेल्यावर काढला तर २,५००. विक्रीवर काढलेला आकडा त्या घराच्या खऱ्या कमाईच्या २८ टक्के होतो, आणि सोसायटीचं पीककर्ज तसंच उभं असतं. ‘एकूण विक्रीवरच द्या, नाहीतर देवाची चोरी’ असं सांगणाऱ्याला हे गणित येत नाही असं नाही.

खरी अडचण आकड्याच्या पुढची आहे. ‘विश्वासाचं बी पेरा’ म्हणत दिलेले पैसे ही गुंतवणूक झाली, अर्पण नव्हे. पीक आलं तर श्रेय सांगणाऱ्याला. बोंडअळीने गेलं तर ‘तुमचा विश्वास कमी पडला’. जो दावा कोणत्याच निकालाने खोटा ठरू शकत नाही, त्यावर पैसे लावू नयेत. मग तो बाजारात केलेला असो की व्यासपीठावरून.

स्वार्थ आणि भक्ती वेगळी कशी करायची, हा प्रश्न पवित्र शास्त्रात सर्वांत उघडपणे सैतानच विचारतो: ईयोब देवाचं भय फुकट बाळगतो काय? (ईयोब १:९). त्याचं उत्तर पुढच्या अध्यायांत मिळतं, तेही ईयोबाकडे काही उरलेलं नसताना. म्हणून कसोटी ही, की फायदा थांबला की काय उरतं. दुष्काळी वर्षी देणारा उपासनेला येतो का, हे जसं पाहायचं, तसंच अर्पण घटल्यावर पाळकांच्या घरभेटी घटतात का, हेही पाहायचं. पाळक महिन्याभरात कुणाच्या घरी गेले याची यादी करा. शिक्षक, कंत्राटदार आणि मोठे बागायतदारच त्यात असतील आणि ऊसतोडीला गेलेल्यांची म्हातारी आई नसेल, तर बोलण्याची वेळ आली आहे.

२. ‘आजार बरे होतात, अश्रू वाहतात, म्हणजे आत्मा आहे’

आजाऱ्यासाठी प्रार्थना करावीच. याकोबाचं पत्र (५:१४) मंडळीच्या वडिलांना, म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्यांना, बोलावून तेल लावून प्रार्थना करायला सांगतं. औषध बंद करा असं तिथे कुठेही नाही. प्रेषित पौलाने आपला सहकारी त्रफिम याला मिलेतात आजारी सोडलं (२ तीमथ्य ४:२०), तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, आणि त्याचा प्रिय सोबती लूक वैद्य होता. यांपैकी कुणाच्या विश्वासात खोट काढायची?

नंदुरबार जिल्ह्यात हा मुद्दा जिवावर बेततो. भिल्ल, पावरा, मावची घरांमध्ये सिकलसेल आहे. या आजारात लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, पाठीत, सांध्यांत असह्य कळा येतात. अशी कळ साधारणपणे काही दिवस टिकते आणि ओसरते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रुग्णाला रात्रीच्या सभेत आणलं, हात ठेवले आणि पहाटे कळ उतरली, की लगेच माईकवर साक्ष होते आणि व्हिडिओ निघतो. कळ त्या सुमाराला बहुधा उतरणारच होती. आजार मात्र रक्तात तसाच असतो. मग घरचे फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सियुरिया ही रोजची औषधं बंद करतात. पुढचा ताप, थंडी किंवा उन्हात पाणी न पिता केलेलं काम पुन्हा कळ आणतं, कधी आधीपेक्षा वाईट. त्या वेळी व्हिडिओ काढणारा तिथे नसतो.

बरं झालं की नाही हे कळायला मार्ग आहे. सिकलसेलची प्राथमिक चाचणी सोल्युबिलिटीची असते. नक्की निदान इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या रक्तचाचण्यांनी होतं. टीबीचंही तसंच: दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, पण साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा आहे आणि मध्येच सोडला तर औषधाला दाद न देणारा टीबी होऊ शकतो. म्हणून मंडळीने साक्षीसाठी साधा नियम करावा. आजार बरा झाल्याची साक्ष तीन महिन्यांनी घ्यावी, सोबत डॉक्टरांचा कागद असावा, औषध डॉक्टरांनीच थांबवलेलं असावं आणि लहान मुलाचा चेहरा व्हिडिओत नसावा. जो खरोखर बरा झाला, तो तीन महिन्यांनीही बराच असेल. घाई असते ती व्हिडिओवाल्याला.

कायदाही माहीत असावा. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणं गुन्हा आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर उपचार घेऊ न देता मंत्रतंत्र करणंही गुन्हा आहे. नुसत्या प्रार्थनेला कायदा हात लावत नाही.

अश्रूंबद्दल थोडक्यात. उपास, जागरण आणि तीन तास हळू लयीत फिरणारं एकच कडवं, यांनी कुणाचंही मन भरून येतं. मन हललं एवढंच त्यावरून कळतं. कुणी हलवलं ते कळत नाही. १७४० च्या दशकात अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमध्ये मोठं संजीवन (धर्मजागृतीची लाट) झालं तेव्हा जोनाथन एडवर्ड्स या पाळकाने याच प्रश्नावर सविस्तर लिहिलं. भावना तीव्र असणं, अंग थरथरणं, धर्माबद्दल घडाघडा बोलता येणं, वचनं आपोआप आठवणं, यांतलं काहीच खऱ्याचाही पुरावा नाही आणि खोट्याचाही नाही, असं त्याचं मत. त्याने भर दिला टिकाऊ वागणुकीवर. आणि मत्तय ७:२२ मध्ये ‘आम्ही तुझ्या नावाने भुते घालवली’ म्हणणाऱ्यांना काय उत्तर मिळतं (‘मला तुमची कधीच ओळख नव्हती’), ते संदेश लिहिणाऱ्याने वाचलेलं असणारच.

३. ‘हिशोब मागणं म्हणजे अभिषिक्ताला हात लावणं’

स्तोत्र १०५:१५ मधले अभिषिक्त म्हणजे अब्राहाम, इसहाक, याकोब. गावोगाव भटकणाऱ्या या परक्या कुटुंबाला त्रास देऊ नका, असं देवाने राजांना बजावलं. ते बळकटांपासून दुबळ्यांचं संरक्षण होतं. आता ते माईक हातात असलेल्याचं संरक्षण झालं आहे. दावीदाने आपल्या जिवावर उठलेल्या शौल राजाला मारलं नाही, हे खरं. पण त्याच प्रसंगी त्याने शौलाच्या माणसांदेखत त्याची चूक मोठ्याने बोलून दाखवली. पुढे दावीद राजा असताना नाथान संदेष्ट्याने त्याला सुनावलं. पौलाने अंत्युखियात पेत्राला सर्वांसमोर अडवलं (गलती २).

पैशाबाबत पौल स्वतःहून तपासणी मागून घेतो. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली रक्कम तो एकटा नेत नाही. मंडळ्यांनी निवडलेला भाऊ सोबत घेतो आणि कारणही देतो, की प्रभूपुढेच नव्हे तर माणसांपुढेही व्यवहार चोख दिसावा (२ करिंथ ८:१९-२१).

हे गावच्या मंडळीत करायला काही फार लागत नाही. उपासना संपताच तिथेच, एकमेकांचे नातेवाईक नसलेल्या दोघांनी थैली मोजावी. वहीत नोटा आणि चिल्लर वेगळी लिहून दोघांनी सह्या कराव्यात. सोमवारी पैसे मंडळीच्या खात्यात जावेत, मधल्या काळात कुणाच्या कपाटात नव्हे. हल्ली क्यूआर कोड लावलेला असतो. तो स्कॅन केल्यावर पैसे टाकण्याआधी पडद्यावर कुणाचं नाव येतं ते वाचा. मंडळीऐवजी पाळकसाहेबांचं किंवा वहिनींचं नाव आलं, तर आधी शांतपणे विचारा. कदाचित मंडळीचं खातं अजून उघडलेलं नसेल. सहा महिन्यांनीही तेच नाव असेल, तर कारण वेगळं आहे.

मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्यानुसार तिला हिशोब ठेवून त्याचं लेखापरीक्षण करून घ्यावं लागतं. ताळेबंद अनुसूची आठमध्ये, जमाखर्च अनुसूची नऊमध्ये. वार्षिक सभेत ही दोन पानं वाचून दाखवा, एवढंच म्हणायचं. प्रामाणिक माणसाला त्याचा त्रास वाटत नाही, उलट डोक्यावरचं ओझं उतरतं.

४. ‘हेतू फक्त देव जाणतो, न्याय करू नका’

पहिला अर्धा भाग मान्य. दुसरा त्यातून निघत नाही. मत्तय ७ मध्ये ‘न्याय करू नका’नंतर चार ओळींतच स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढून मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला सांगितलं आहे, आणि पुढे खोट्या संदेष्ट्यांना फळांवरून ओळखायला. १ थेस्सलनीकाकर ५:२१ सर्व गोष्टींची पारख करायला सांगतं. हेतूवर निकाल द्यायचा नाही. पैसा, सत्ता आणि दुबळ्यांशी वागणूक यांची तपासणी करायची. ‘तो लोभी आहे’ हे वाक्य गटावर टाकू नये. ‘मे महिन्याच्या शिबिराच्या खर्चाच्या पावत्या दिसल्या नाहीत’ हे विचारावं, आधी त्यांना एकट्याला, मग एक-दोघांना सोबत घेऊन, शेवटी मंडळीच्या सभेत, मत्तय १८ च्या क्रमाने.

५. ‘स्वार्थ येतो तो तारलाच गेला नाही’

हे वाक्य वरच्या चारांपेक्षा घातक, कारण ते प्रामाणिक माणसालाच लागतं. लबाडाला लागत नाही.

आधी एक गल्लत दूर करू. पोटाची गरज म्हणजे स्वार्थ नव्हे. चार वाड्यांवर मोटारसायकलने फिरणारा पाळक पेट्रोलचे पैसे मागतो तेव्हा तो लूक १०:७ प्रमाणे मजुरी मागतो. यावर कुणी कवी आणि धर्मोपदेशक रेव्हरंड ना. वा. टिळकांचं नाव घेईल. त्यांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा येशूच्या अनुयायांचा संघ सुरू केला, हे खरं. तो त्याग त्यांचा स्वतःचा होता. दुसऱ्याच्या पगाराला कात्री लावायला तो वापरता येत नाही. पौलही तंबू शिवून पोट भरत असे, पण इतर सेवकांच्या हक्कासाठी १ करिंथ ९ मध्ये ठासून बोलला.

राहिला मिसळलेला हेतू. तो सगळ्यांतच असतो. फिलिप्पै १ मध्ये पौल मान्य करतो की काही जण हेव्याने ख्रिस्त गाजवतात, आणि तरी ख्रिस्त गाजवला जातो याचा त्याला आनंद आहे. म्हणजे हेतूत भेसळ सापडली म्हणून काम टाकून द्यायचं नाही, भेसळ कुठून येते ते शोधायचं. रात्री दहा-पंधरा मिनिटं पुरतात. दिवसातली एकच कृती घ्यावी: आज कुणासाठी प्रार्थना केली, उपास धरला, कुणाला मदत केली. हे कुणालाच कळलं नसतं तर केलं असतं का? श्रेय शेजारच्या मंडळीला गेलं असतं तर आनंद झाला असता का? कुणी चूक दाखवली तेव्हा आधी राग आला की आधी तपासलं? मन कोरडं असेल तेव्हा मोठा निर्णय बदलू नये, हा जेज्विट संघाचा संस्थापक इग्नाती लोयोलाचा जुना नियम इथे कामी येतो; सेवा सोडायची तर शांत मनाने सोडावी, खचलेल्या रात्री नव्हे.

ज्याला एकट्याने गाणं म्हटल्यावर टाळ्यांची वाट पाहण्याची सवय जडली आहे, त्याने गाणं सोडू नये. महिनाभर माईक दुसऱ्याकडे द्यावा आणि मागच्या रांगेत सगळ्यांबरोबर गावं. घरी येऊन चिडचिड झाली, तर दुखणं कुठे आहे ते कळलं. ते एखाद्या वडीलधाऱ्याला सांगावं, गटावर टाकू नये.